घोरणं मध्येच थांबतं तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टर ४६ वर्षांचे, उंची ५ फूट ६ इंच, वजन ८४ किलो. दहा वर्षांपासून घोरतात, गेल्या दोन वर्षांत आवाज वाढलाय. मध्येच आवाज एकदम बंद होतो आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेतात. रात्री दोन-तीनदा लघवीला उठतात, सकाळी डोकं जड असतं, बीपीच्या दोन गोळ्या चालू असूनही वरचा आकडा १५० च्या खाली येत नाही. त्यांचं स्वतःचं म्हणणं, ‘मला तर मस्त झोप लागते, पाठ टेकली की झोपलो.’ तुम्हाला हवंय ते असं: ऑनलाइन मिळणारी नाकाची क्लिप किंवा हनुवटीचा पट्टा घेऊन बघावा का, आणि झोपेत नाकाला लावायचं ते हवेचं मशीन एकदा लागलं की जन्मभर सुटत नाही हे खरं का.

क्लिप आणि पट्टा आत्ता घेऊ नका. त्यांनी समजा आवाज कमी झालाच, तर तुमची झोप सुधारेल आणि त्यांच्या तपासणीचा विषय मागे पडेल. तुम्ही जे जाता जाता लिहिलंय, ‘मध्येच आवाज एकदम बंद होतो’, त्यात खरा प्रश्न आहे. घोरण्याचा त्रास शेजारी झोपणाऱ्याला होतो. त्या बंद पडण्याचा त्रास त्यांच्या हृदयाला, मेंदूला आणि बीपीला होतो. तेव्हा घोरणं कसं थांबवायचं हे नंतर बघू. आधी श्वास थांबतो का, तासाला किती वेळा आणि किती सेकंद, हे कळायला हवं.

हे का होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे उपाय कुठे बसतात ते आपोआप कळेल. नाकाच्या पोकळीला हाडाचा आधार असतो, खाली श्वासनलिकेला कूर्चेची कडी असतात. या दोन्हींच्या मधला घसा मात्र नुसता मांसल. पुढे जिभेचं मूळ, वर मऊ टाळू आणि त्याला लोंबणारी पडजीभ, दोन्ही बाजूंना टॉन्सिल, मागे मानेच्या मणक्यांना लागून असलेली भिंत. गिळायचं आणि बोलायचं काम याच जागेतून होतं म्हणून ती लवचीक ठेवलेली. जागेपणी आपण श्वास आत घेण्याच्या किंचित आधी मेंदू जिभेच्या स्नायूला ताणून धरायला सांगतो, म्हणून वाट उघडी राहते. झोपेत हा ताण सैल पडतो. वाट अरुंद झाली की तेवढीच हवा जास्त वेगाने जाते, मऊ भाग फडफडतो, आणि ते घोरणं. नारळपाण्यातली कागदी स्ट्रॉ भिजून मऊ झाली की जोरात ओढताच चपटी होते ना, तसं घशाचं झालं की हवा थांबते. जास्त जोर लावून ओढलं तर स्ट्रॉ आणखीच घट्ट मिटते. घशाचंही तसंच.

एक फेरा कसा जातो ते बघा. घोरणं हळूहळू चढतं आणि एकदम शांत होतं. पाहणाऱ्याला वाटतं, चला, झोप लागली गाढ. पण त्या वेळी पोटाकडे बघितलं तर ते हलत असतं. छाती आणि पोट श्वास ओढायचा प्रयत्न करतच असतात, बहुतेक वेळा उलटसुलट: पोट वर येतं तेव्हा छाती आत जाते. दहा सेकंद, वीस, कधी चाळीस. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड साचतो. शेवटी मेंदू काही सेकंदांपुरता जागा होतो, घशाचे स्नायू ताणले जातात, मोठा घुर्र आवाज, दोन-तीन खोल श्वास, कदाचित कूस बदलणं, नाडी जोरात, बीपी वर. मग पुन्हा झोप, पुन्हा तोच फेरा. ही जाग इतकी छोटी असते की सकाळी काहीच आठवत नाही. म्हणून ‘मला मस्त झोप लागते’ या वाक्यावर विसंबता येत नाही. तासाला तीस वेळा असं होत असेल तर दर दोन मिनिटांनी एकदा, म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशे दहा वेळा. पाठ टेकताच झोप लागणं हे अशा माणसात चांगल्या झोपेचं लक्षण नसून उरलेल्या झोपेच्या थकबाकीचं आहे.

तुम्ही लिहिलेल्या बाकीच्या तक्रारी यातूनच निघू शकतात. बंद घशाविरुद्ध छाती जोर लावते तेव्हा छातीच्या आत दाब खूप उणा होतो, हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो. शरीराला वाटतं रक्तात पाणी जास्त झालंय, म्हणून हृदयातून एक संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं लघवी वाढवतात. पन्नाशीच्या आसपासच्या पुरुषांना रात्री उठावं लागलं की सगळे प्रोस्टेटकडे किंवा साखरेकडे बोट दाखवतात. तीही तपासावीतच, पण झोपेचा विचार फार कमी जण करतात. सकाळचं जड डोकं साचलेल्या कार्बन डायऑक्साइडने आणि तुटक झोपेने येतं. बीपीचं सांगायचं तर निरोगी माणसाचं बीपी झोपेत दहा टक्के किंवा थोडं जास्त उतरतं. इथे ते उतरण्याऐवजी रात्रभर झटके खातं, आणि दिवसाही चढं राहू लागतं. दोन गोळ्यांनी न ऐकणारं बीपी आणि घोरणं एकत्र दिसलं की झोपेची तपासणी व्हायलाच हवी, या मताचा मी आहे.

आता यातलं काय नक्की नाही. जोरात घोरणाऱ्या प्रत्येकाला झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया नसतो. अ‍ॅप्निया असलेला प्रत्येक जण जाडही नसतो. मागे गेलेली हनुवटी, मोठे टॉन्सिल, थायरॉईड कमी असणं, यांनी सडपातळ माणसालाही होतो. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर प्रमाण वाढतं, आणि त्यांची तक्रार ‘घोरते’ अशी नसते. ‘थकवा जात नाही, रात्री जाग येते, डोकं दुखतं’ अशी असते, त्यामुळे निदान वर्षानुवर्षं राहतं. तुमच्या मिस्टरांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साधारण ३० येतो. भारतीयांसाठी २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, तेव्हा तो नक्कीच जास्त आहे. शिंप्याच्या टेपने कंठमण्याच्या पातळीवर गळ्याचा घेर मोजा. ४० सेंटिमीटरच्या वर असेल तर आणखी एक गुण. गुण असं म्हणतोय कारण यासाठी आठ प्रश्नांची एक चाळणी जगभर वापरतात: घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबलेला कुणी पाहणं, बीपी, बीएमआय ३५ च्या वर, वय ५० च्या वर, जाड मान, पुरुष असणं. त्यांचे घोरणं, श्वास थांबणं, बीपी आणि पुरुष असे चार गुण आत्ताच झाले. तीन-चार म्हणजे मध्यम शक्यता, पाच आणि वर म्हणजे जास्त. मान जाड निघाली किंवा थकवा कबूल केला तर ते पाचात जातात.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी एक काम करा, त्याचा फार उपयोग होतो. मोबाइलवर व्हिडिओ घ्या. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान, ते उताणे झोपलेले असताना. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि त्यात स्नायू सर्वांत सैल असतात, म्हणून अकरा वाजता घेतलेल्या व्हिडिओत कधी कधी काहीच दिसत नाही. पांघरूण छातीखाली सरकवा, कोपऱ्यात छोटा दिवा ठेवा, चेहरा, छाती आणि पोट तिन्ही दिसेल असा मोबाइल उशाशी टेकवा आणि दहा मिनिटं चालू ठेवा. पंखा कमी ठेवा, नाहीतर आवाज कळत नाही. शांततेत पोट हलतंय का हे डॉक्टर बघतील. पोट हलत असेल तर घसा मिटतोय. पोट आणि छातीही स्तब्ध असतील तर मेंदूकडूनच आदेश येत नाहीये. त्याची कारणं वेगळी (हृदय कमजोर असणं, काही वेदनाशामकं) आणि उपचारही वेगळे.

कोविडच्या काळात घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर लावून बघू का, असा मोह होईल. त्यात एक फसवणूक आहे. बोटापर्यंत रक्त पोचायला वेळ लागतो, त्यामुळे आकडा पंधरा-वीस सेकंद उशिरा पडतो. श्वास थांबलेला असताना तुम्हाला ९६ दिसेल, आणि ते धडपडून श्वास घेऊ लागले की ८८. शिवाय तुम्ही दिवा लावून बोट धरलंत तर ते जागेच होतात. रात्रभर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर असेल तर गोष्ट वेगळी.

दिवसाच्या पेंगेसाठी एपवर्थ नावाची आठ प्रसंगांची यादी आहे: वाचताना, टीव्ही बघताना, सभेत बसल्यावर, तासभर गाडीत मागे बसून, दुपारी आडवं पडल्यावर, कुणाशी बोलताना, जेवणानंतर स्वस्थ बसल्यावर, सिग्नलला गाडी थांबल्यावर. प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३. बेरीज दहाच्या वर गेली की जास्त. ही यादी त्यांनी भरावी आणि तुम्हीही त्यांच्याबद्दल वेगळी भरावी. दोन बेरजांत फरक पडतोच, आणि मला बायकोची बेरीज जास्त विश्वासाची वाटते.

दाखवायचं कुणाला? कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा छातीरोगतज्ज्ञ, ज्यांच्याकडे झोपेच्या तपासणीची सोय आहे असे. नाक आणि घसा आतून बघून घ्यावा. रक्तात टीएसएच (थायरॉईडसाठी), तीन महिन्यांची साखर, हिमोग्लोबिन आणि बायकार्बोनेट. हे शेवटचं सहसा सांगितलं जात नाही, पण ते २७ किंवा जास्त असेल तर कार्बन डायऑक्साइड दिवसाही साचत असण्याची शंका येते आणि उपचार बदलू शकतो.

झोपेची तपासणी दोन प्रकारे होते. एक हॉस्पिटलमध्ये रात्रभर, डोक्याला, छातीला, पायाला तारा लावून, तंत्रज्ञ समोर बसलेला. दुसरी घरी: नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला सेन्सर. तुमच्या मिस्टरांसारख्या, लक्षणं ठळक आणि हृदयाचा-फुफ्फुसाचा दुसरा आजार नसलेल्या माणसाला घरची तपासणी बहुधा पुरते. तिच्यातल्या खोड्या मात्र माहीत असाव्यात. झोप लागली की नाही हे ते यंत्र मोजत नाही, श्वास किती वेळा अडला त्याला ते नोंदीच्या एकूण वेळाने भागतं. मिस्टर सात तास पडून होते पण झोपले पाचच, तर आकडा कमी येणार. नळी सरकली किंवा बोटाचा सेन्सर निघाला तर तेवढा वेळ वाया. चार तासांपेक्षा कमी चांगली नोंद असेल तर पुन्हा करायला सांगा. आणि घरचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला पण व्हिडिओत श्वास थांबताना दिसतोय, तर विषय संपला असं समजू नका, तेव्हा हॉस्पिटलमधली तपासणी लागते. तपासणीच्या रात्री नेहमीसारखंच जेवण, नेहमीचीच वेळ. एरवी दोन पेग घेणाऱ्याने त्या रात्री सज्जनपणा केला तर रिपोर्टही सज्जन येतो.

रिपोर्टवर पहिला आकडा एएचआय: तासाला किती वेळा श्वास पूर्ण किंवा बराचसा अडला, प्रत्येक वेळी निदान दहा सेकंद. पाचच्या खाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तेवढ्यावर थांबू नका. ऑक्सिजन सर्वांत खाली किती गेला, ९० च्या खाली एकूण किती मिनिटं होता, आणि उताणं व कुशीवर असे एएचआय वेगवेगळे किती, हे तीन बघा. दोन ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडूनही बघू नका. ‘बराचसा अडला’ म्हणजे ऑक्सिजन तीन टक्के उतरला की चार, याचे दोन नियम चालतात आणि एकाच रात्रीचे दोन वेगळे आकडे येतात. १५ च्या वर असेल तर उपचार हवेतच. ५ ते १५ असेल आणि बीपी किंवा दिवसाची पेंग सोबत असेल तरीही.

आता मशीन. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत मांडली. त्याला सीपॅप म्हणतात. ते ऑक्सिजन देत नाही. खोलीतलीच हवा हलक्या दाबाने नाकात सोडतं आणि ती हवा मिटू पाहणारा घसा आतून फुगवून धरते. दाब ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका. ग्लासभर पाणी दहा सेंटिमीटर उंच असेल तर त्याच्या तळाशी जेवढा, तेवढा दहाचा दाब. ऑटो प्रकारातलं मशीन दिलेल्या मर्यादेत स्वतः दाब कमीजास्त करतं.

मशीन कपाटात जाऊन बसतं ते बहुतेक मास्कमुळे, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. मास्क दुकानात उभं राहून घालून बघू नका. आडवं पडून, मशीन त्यांच्या दाबावर चालू करून मगच पट्टे लावायचे, कारण झोपल्यावर गाल आणि जबडा वेगळे बसतात. मास्कची सिलिकॉन कड हवेने फुगून चेहऱ्याला चिकटते. पट्टे आवळले की ती कड दबते आणि गळती वाढते. गळती वाढली म्हणून माणूस आणखी आवळतो, सकाळी नाकावर लाल वळ. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत. गळती वाटली तर मास्क चेहऱ्यापासून किंचित पुढे ओढून परत बसवायचा. मास्कला बारीक भोकं असतात, त्यातून सतत हिस्स आवाज येतो. तो बिघाड नाही, सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. ती भोकं चिकटपट्टीने बंद करणारे लोक आहेत, कृपया करू नका. झोपताना चेहऱ्याला क्रीम किंवा तेल असेल तर साबणाने धुऊन घ्यावं, नाहीतर कड घसरते आणि लवकर खराब होते. दाट मिशी किंवा दाढी असेल तर नाकपुड्यांत बसणारा छोटा प्रकार बघावा. नाक मोकळं असेल तर सुरुवात नाकाच्या मास्कने करावी. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क सोयीचा वाटतो, पण त्यात गळतीही जास्त आणि दाबही बऱ्याचदा जास्त लागतो.

पहिले चार-पाच दिवस रात्रीचा हट्ट नको. संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास लावून बसायचं, म्हणजे गुदमरल्याची भीती जाते. रात्री सुरुवातीला दाब हळूहळू चढवण्याची सोय असते, ती पंधरा-वीस मिनिटांवर ठेवा. नाक-घसा कोरडा पडला तर आर्द्रता वाढवा. त्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला, बोअरच्या पाण्याने तळाला क्षारांचा पांढरा थर बसतो. थंडीत नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येतो, तेव्हा आर्द्रता एक घर कमी करा आणि नळी पांघरुणाखालून घ्या. मशीन उशीच्या पातळीच्या खाली ठेवा, म्हणजे साचलेलं पाणी तोंडाकडे येत नाही. पोटात हवा जाऊन सकाळी गच्च वाटत असेल तर दाब जास्त असू शकतो. तो स्वतः बदलू नका, नोंद दाखवून बदलून घ्या. मास्कची कड रोज सौम्य साबणाने, नळी आठवड्यातून एकदा, फिल्टर धूळ दिसली की. वीज जाते तिथे घरचा इन्व्हर्टर पुरतो, आर्द्रतेचं गरम पाणी तेवढं बंद ठेवा, कारण जास्त वीज तेच खातं. जुनं वापरलेलं मशीन स्वस्तात घेण्याआधी त्या मॉडेलवर सुरक्षेसाठी परत मागवण्याची सूचना निघाली होती का, ते तपासा. आणि शक्य असेल तर विकत घेण्याआधी महिनाभर भाड्याने.

मशीन चार तास वापरलं की ‘नियमित वापर’ धरतात. पण ते हिशेबापुरतं. पहाटे तीनला मास्क काढून ठेवला तर जी झोप सर्वांत धोक्याची, तीच उघडी राहते. मशीनच्या नोंदीत तीन गोष्टी असतात: तास, गळती आणि मशीन चालू असताना उरलेला एएचआय. तिसरा पाचच्या खाली हवा.

जन्मभराचं म्हणाल तर मशीनची सवय लागत नाही. चष्म्याने डोळ्यांना सवय लागते असं म्हणण्यासारखं आहे ते. काढलं की काही रात्रींत घसा पहिल्यासारखा मिटू लागतो, इतकंच. कारण बदललं तर मशीन सुटूही शकतं. दहा टक्के वजन उतरलं तर एएचआय साधारण चौथ्या हिश्श्याने उतरतो. त्यांच्या बाबतीत ते आठ किलो. आकडा २० असेल तर १५ पर्यंत, ५० असेल तर मात्र अजून लांब. वजन उतरल्यावर अंदाजाने मशीन बंद न करता तपासणी पुन्हा करायची. वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांपैकी टिर्झेपटाइडला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली. ते घ्यायचं की नाही हे साखर, पोटाच्या तक्रारी आणि खिसा यांवर ठरेल.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सीपॅपने हार्ट अटॅक टळतो असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर थांबा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासात आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांना मशीन दिलं, पुढचे झटके कमी झाले नाहीत. पेंग आणि मनःस्थिती मात्र सुधारली. त्यांचा सरासरी वापर रात्री ३.३ तास होता, तेव्हा वापरच अपुरा होता की मशीनची धावच तेवढी, यावर वाद आहे. बीपीही सरासरीने दोन-तीन अंकच उतरतं, औषधांना दाद न देणाऱ्यांत थोडं जास्त. म्हणून बीपीच्या गोळ्या स्वतःहून कमी करायच्या नाहीत. मशीन सुरू झाल्यावर पंधरा दिवस सकाळचं बीपी लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

बाकी उपाय, ज्याचा जेवढा उपयोग तेवढं सांगतो. उताणं असतानाचा एएचआय कुशीवरच्या दुप्पट किंवा जास्त असेल तर कुशीवर झोपवणं हा खरा उपाय आहे: जुन्या बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू. बेढब दिसतं, पण सौम्य आजारात चालतं. जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण सौम्य ते मध्यम आजारात आणि मशीन न झेपणाऱ्यांत उपयोगी. ते दंतवैद्याकडून माप देऊन करून घ्यावं, थोडं थोडं पुढे सरकवत जावं लागतं. दात हलते असतील किंवा जबड्याचा सांधा दुखत असेल तर नको. नाक बंद असेल तर स्टिरॉइडचा स्प्रे: मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीला डावा हात, नळीचं टोक मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला, आणि हुंगायचं हळूच. परिणामाला दोन-चार आठवडे द्या. नाक क्षणात उघडणारे थेंब पाच-सात दिवसांच्या पुढे नकोत, नाक उलट जास्त चोंदू लागतं. ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणून ऑपरेशन केलं तर श्वास मोकळा होतो, मास्क सुसह्य होतो, पण अ‍ॅप्निया त्याने क्वचितच जातो, कारण अडथळा खाली घशात असतो. टाळूच्या ऑपरेशनचं तसंच, योग्य माणूस निवडला तर यश, नाहीतर घोरण्याचा आवाज जातो आणि अडथळा राहतो. लहान मुलांत हिशेब उलटा: तिथे टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड काढणं हाच बहुधा पहिला उपचार. घरात तोंड उघडं टाकून घोरणारं, मान मागे टाकून झोपणारं मूल असेल तर त्यालाही दाखवा.

नाकाची क्लिप आणि पट्टी नाकपुडी उघडते, घसा नाही. हनुवटीचा पट्टा तोंड मिटतो, जीभ मागे पडलेलीच राहते. तोंडाला चिकटपट्टी लावण्याची जी टूम निघालीय ती नाक बंद असलेल्या माणसात धोक्याची. घशाचे व्यायाम मात्र मी हसण्यावारी नेत नाही. जयपूरमध्ये ३० जणांवर झालेल्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात सहा महिने नेमाने शंख फुंकणाऱ्यांचा एएचआय तासाला चार-पाचने उतरला. घरी शंख असेल तर जरूर फुंकावा, पण मशीनच्या जोडीला. बीपी ताब्यात आल्यावर आणि डॉक्टरांना विचारून.

रिपोर्ट येईपर्यंत दारू बंद, निदान झोपण्याआधीचे चार तास. झोपेच्या गोळ्या आणि अल्प्राझोलामसारखी औषधं कुणी आधी दिली असतील तर डॉक्टरांना सांगा, ती घशाचे स्नायू सैल करतात. रोज चालू असेल तर एकदम बंद करू नका. मधल्या काळात कसलंही ऑपरेशन ठरलं, अगदी मोतीबिंदूचं का असेना, तर भूलतज्ज्ञांना हा संशय आधी कळवा. आणि जेवून रात्री घाटातून किंवा एक्सप्रेसवेवरून गाडी चालवणं तूर्त त्यांच्याकडे नको.

ते तयार होत नाहीत, हेही तुम्ही लिहिलंय. समजावत बसू नका. तो व्हिडिओ त्यांच्या हातात द्या आणि आवाज थांबतो तिथपासून पुन्हा येईपर्यंतचे सेकंद त्यांनाच घड्याळावर मोजायला सांगा. रिपोर्ट आला की एएचआय, सर्वांत कमी ऑक्सिजन, ९० च्या खालची मिनिटं आणि उताणं-कुशीवरचे वेगळे आकडे लिहा, मग मशीन, दातांचं उपकरण की चेंडूचं बनियन, ते सांगता येईल.